हवेवर उभी गाडी

१८ ऑगस्ट, सोमवार

ही डायरी बेअरिंगवाल्याने जानेवारीत दिलेली, तेव्हापासून कोरी पडून होती. यात फक्त हवेचे आकडे लिहायचे असं ठरवून आज उघडली आणि पहिल्याच पानावर भलतंच लिहीत बसलोय.

राजकुमार म्हणून निपाणीचे एक गृहस्थ त्यांची शेव्हरले ट्रकवर घालून घेऊन आले. छप्पन सालची अमेरिकन गाडी. उद्यमबागच्या रस्त्यावर ती ट्रकवरून उतरली तेव्हा समोरच्या फाउंड्रीतली माणसं हात पुसत बाहेर आली. आकाशी रंग, वर पांढरा टप, डिकी एवढी लांब की माझ्या गॅरेजचं शटर लागेना. ही गाडी त्यांच्या वडिलांची, तम्मण्णा आप्पांची. आप्पा शहाऐंशी वर्षांचे आहेत. कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा पाय वीतभरसुद्धा वर उचलत नाही आणि गाडीचा उंबरठा दीड वीत. दसऱ्याला सोनं लुटायला आप्पा या गाडीतून जात, तीन वर्षं गेलेले नाहीत.

राजकुमारांनी मोबाईलवर दाखवलं. तिकडे अमेरिकेत अशाच जुन्या गाड्यांचे स्प्रिंगचे पाटे काढून त्या जागी हवेचे रबरी बलून बसवतात. बटण दाबलं की गाडी उंटासारखी खाली बसते, माणूस आत शिरला की उठते.

"भरमाण्णा, बसच्या बलूनचं काम तुमच्यावाणी बेळगावात कोण करत न्हाई म्हणत्यात. आप्पांना दसऱ्याला बसवायचं. येवढं करा."

मी चार वर्षं हवेचं काम करत नाही, हे तोंडावर सांगायला हवं होतं. मी "बघूया" म्हणालो. त्यावर कोपऱ्यात कार्बोरेटर साफ करत बसलेल्या गुंडूने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. ते बघणं अजून डोक्यातून जात नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

लिहून टाकतो, नाहीतर हा गुंडू आकड्यांच्या मध्येमध्ये येत राहील.

गुंडू माझा मेहुणा, माझ्या बायकोचा, राजाबाईचा, धाकटा भाऊ. चार वर्षांपूर्वी एका लक्झरी बसचा मागचा बलून बदलला होता. बसला संध्याकाळी सुटायचं होतं, ड्रायव्हर डोक्यावर उभा. गुंडूने विचारलं, "दाजी, स्टँड लावू?" मी म्हणालो, "हवा भरल्या की रं. काय होत न्हाई, जा." तो खाली गेला आणि बलून फुटला. फाउंड्रीतली माणसं लाकडाचे ठोकळे आणि पहारी घेऊन धावली. पहारीने बस उचलून ठोकळ्यावर टेकवली आणि त्याला ओढून काढला. उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

त्याने आजवर मला एक शब्द बोलून दाखवलेला नाही. रोज सकाळी काकतीहून बसने येतो, लाकडी पाय पुढे पसरून स्टुलावर बसतो, कार्बोरेटर साफ करतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मी उचललेल्या गाडीखाली गेलेलो नाही. हे गॅरेजमध्ये कुणालाच माहीत नाही. इंजिन वरून होतं, ब्रेक बाजूने होतात, खालचं काय असेल ते वेल्डर आण्णाप्पा करतो. मिस्त्री म्हातारा झाला, असं लोकांना वाटतं. वाटू दे.

८ सप्टेंबर, सोमवार

गणपती विसर्जन झालं, काम सुरू केलं. गाडी चार लोखंडी स्टँडवर घेतली आणि मागचे पाटे सोडवले. पाटे काढले की एक्सलला जागेवर धरून ठेवणारं काही उरत नाही, म्हणून चार दांड्या करून घेतल्या. त्यांचं वेल्डिंग आण्णाप्पाने खाली झोपून केलं. वेल्डिंग सुंदर आहे, म्हणजे त्याने तसं सांगितलं. मी बाजूने आरसा घालून बघितलं.

बलूनच्या वरच्या तोंडाला हवेची नळी बसवायची जोडणी माझी मलाच करायची होती, कारण आण्णाप्पाला हवेतलं कळत नाही. ती जागा चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, आणि बलूनच्या मध्ये, खालून झोपल्याशिवाय दिसत नाही. मी बाजूने खांद्यापर्यंत हात घालून, न बघता, बोटांनी चाचपत आटे लावले. उजवी बसली. डावी दोनदा अडली, तिसऱ्यांदा बसली. बसलीच असणार.

१३ सप्टेंबर, शनिवार

राजकुमारांचा फोन. गाडी "एकदम जमिनीला टेकली पायजे", अर्धवट खाली आली तर आप्पांचा पाय आत जाणार नाही. एक्सलच्या वरचे रबरी गुटके आडवे येत होते, ते काढायला लावले. ते गुटके तिथे का असतात हे मला माहीत आहे. बलून गेला तर गाडी त्या गुटक्यांवर अडते, जमिनीवर येत नाही. मी काढले.

दुपारी पहिल्यांदा हवा भरली. स्टँड काढून घेतले आणि गाडी नुसत्या हवेवर उभी राहिली. आण्णाप्पाने टाळ्या वाजवल्या. बटण दाबलं, बसली. दाबलं, उठली. मी हात खिशात घातले.

गुंडूने टाळ्या वाजवल्या नाहीत. डाव्या मागच्या चाकाजवळ उभा राहून कान देऊन काहीतरी ऐकत होता.

१५ सप्टेंबर, सोमवार

शनिवारी डावीकडे ७० पौंड, उजवीकडे ७०. आज सकाळी उजवीकडे ७०, डावीकडे ६२.

साबणाचं पाणी लावलं. हवेच्या टाकीजवळ फेस नाही, व्हॉल्व्हजवळ नाही. वरच्या जोडणीला लावायचं तर खाली जायला पाहिजे.

आणि हे काय ते कळेना. डाव्या बाजूला चासीखाली एक लाकडाचा ठोकळा. फूटभर उंच, बाभळीचा, चांगला जड. मी अडखळून पडता पडता वाचलो. लाथेने भिंतीकडे सरकवला.

१७ सप्टेंबर, बुधवार

काल ७०, आज ६४. ठोकळा पुन्हा तिथेच.

आण्णाप्पाला विचारलं, तो कानडीत "ननगे गोत्तिल्ल" म्हणाला. म्हणजे त्याला माहीत नाही. उरला कोण?

१९ सप्टेंबर, शुक्रवार

डावीकडे ७०, मग ६३. ठोकळा. सरकवला.

२० सप्टेंबर, शनिवार

आज बोललोच.

"गुंडू, ह्यो ठोकळा तू ठेवालास न्हवं?"

"असूं दे की, दाजी. खातंय काय तुमचं?"

"गिऱ्हाईक येतंय. लाकडाचा टेकू बघून काय म्हणंल? मिस्त्रीचा कामावर भरवसा न्हाई?"

तो हळूच म्हणाला, "डावीकडचं वरचं तोंड बघितलासा? मी जाऊ खाली? टॉर्च द्या."

माझं डोकंच फिरलं. "तू? ह्या पायानं? खाली जायचं न्हाई. ह्या गाडीखाली तू जायचं न्हाई, सांगून ठेवतो." एवढ्या मोठ्याने बोललो की फाउंड्रीतल्या माणसांनी वळून बघितलं. गुंडू स्टुलावर जाऊन बसला.

मला त्याचा डाव कळतो. रोज सकाळी तो ठोकळा तिथे ठेवून तो मला सांगतोय की बघ, तुझी हवा मला ठाऊक आहे. चार वर्षं गप्प राहिला, आता बोलायला लाकूड सापडलं. ठेव म्हणावं. मीही रोज काढीन.

घरी राजाबाईने विचारलं, "गुंड्याशी भांडलासा व्हय?" मी नाही म्हणालो. तिने माझ्या पानात भाकरी वाढली आणि पाठ फिरवली. ही भावंडं न बोलून मारतात.

२३ सप्टेंबर, मंगळवार

काल घट बसले. डावीकडे ७०, सकाळी ५९. वाढतंय.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज आण्णाप्पा सुट्टीवर होता आणि गुंडू यायचा होता. गॅरेजमध्ये मी एकटाच. चारही स्टँड लावले. जॅक लावला. पोतं अंथरलं, टॉर्च घेतला, उताणा झोपलो आणि डोकं उंबरठ्याच्या आत सरकवलं. एवढंच. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं, कानात बसचा तो आवाज आला. बाहेर आलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. वय वर्षं एक्कावन्न, आणि पोत्यावर बसून रडलो.

व्हॉल्व्ह बदलून बघतो. व्हॉल्व्हचाच दोष असेल.

२७ सप्टेंबर, शनिवार

व्हॉल्व्ह बदलला. ७०, सकाळी ५८.

राजकुमार आले. गाडी बसवून, उठवून बघितली, व्हिडिओ काढला. मग विचारलं, "भरमाण्णा, खालनं सगळं बघितलासा न्हवं? म्हातारा मानूस बसणार हाय."

मी म्हणालो, "बघितलंय."

मागे गुंडूच्या हातातला पाना खाली पडला. मुद्दाम टाकला असेल का? मला आता काहीच कळेनासं झालंय. ठरलं असं की बुधवारी खंडेनवमीला आप्पा इथे येणार, गाडीची पूजा होणार, गुरुवारी दसऱ्याला गाडी निपाणीला. चालू गाडीत टाकीतून हवा भरतच राहते, मग काय होतंय. असं मी स्वतःला समजावतोय.

३० सप्टेंबर, मंगळवार

दिवसभर हत्यारं धुतली. पाने, हातोड्या, पहार, जॅक, चारही स्टँड रॉकेलने पुसून लखलखीत केले. उद्या पूजा मांडली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वडिलांच्या वेळेपासून हे कधी मोडलेलं नाही. खंडेनवमीला माझ्या वडिलांनी पंक्चर झालेली सायकल हाताने ढकलत नेली होती, पण पाना उचलला नव्हता.

एक दिवस हत्याराला हात लावायचा नाही, म्हणजे एक दिवस खाली जाण्याचा विचारही करायचा नाही. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

ही डायरी हत्यारांच्या पेटीत असते, म्हणजे तीही पूजेला जाणार. राजाबाई वर कुंकू लावेल, उघडणार नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

डायरी आज सकाळी पूजेतून काढली. पुठ्ठ्यावर कुंकवाचं बोट आहे. आत काय लिहिलंय हे तिला माहीत असतं तर तिने लावलं असतं का?

काल जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी फळीवर सगळी हत्यारं मांडली. मधे जॅक, दोन्हीकडे दोन-दोन स्टँड, वर झेंडूच्या माळा. ठोकळा नेहमीप्रमाणे चासीखाली होता. ते हत्यार नाही, म्हणून पूजेत गेला नाही. मी पायाने बाहेर काढला.

अकरा वाजता राजकुमार आप्पांना घेऊन आले. आप्पा पांढऱ्या टोपीत, काठी टेकत. गाडी बघून त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मी बटण दाबलं. गाडी खाली बसली, उंबरठा पार जमिनीपाशी आला. आप्पा पाय घासत आत शिरले आणि मागच्या सीटवर बसले. बटण दाबलं, गाडी त्यांना घेऊन उठली. आप्पा हसले. "भरमा, मला वाटलं आता खांद्यावरनंच जायचं," असं म्हणाले. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. त्या वेळी मला वाटलं की जमलं, मी उगाच घाबरत होतो.

तेवढ्यात बघतो तर गुंडू लाकडी पायाने ठोकळा पुन्हा आत सरकवतोय.

"सणाच्या दिवशी तरी काढ ते," मी दात चावत म्हणालो. त्याने ऐकू न आल्यासारखं केलं आणि पायाने आणखी आत ढकलला.

राजाबाईने गाडीला ओवाळलं, चार चाकांपुढे चार लिंबं ठेवली. मी पुढे नारळ हातात घेऊन उभा. डावीकडचं मागचं लिंबू घरंगळून गाडीखाली गेलं. आप्पा आत बसलेले, मुहूर्त चाललेला. "थांबा वाईच," म्हणत ती खाली वाकली, मग जमिनीवर झोपली, आणि लिंबू घ्यायला हात, खांदा, डोकं आत घातलं.

मी ते बघत होतो. माझ्या तोंडून आवाज निघाला नाही.

फस्स झालं. गाडीची डावी बाजू खाली आली आणि धप्प करून ठोकळ्यावर थांबली. राजाबाईच्या डोक्यावर चासी, मधे हाताची चार बोटं जावीत एवढी जागा. पदर एक्सलखाली अडकलेला. तिला सरकता येईना. ठोकळा तिरका झाला होता, आतून करकरत होता.

जॅक सात पावलांवर होता. फळीवर, फुलांत, हळदीकुंकू लावलेला. मी त्याच्याकडे बघितलं, आणि उचलला नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, इथेच लिहितोय. किती वेळ ते माहीत नाही. एक श्वास असेल, दोन असतील. माझी बायको गाडीखाली होती आणि मी पूजा मोडायची की नाही बघत होतो.

गुंडू धावला. त्या पायाने मी त्याला चार वर्षांत धावताना बघितलं नव्हतं. त्याने जॅक ओढला, माळा तुटल्या, निरांजन उलटलं. चासीखाली जॅक लावून दांडा मारत तो ओरडला, "दाजी, स्टँड आणा, काय बघालाय." तेव्हा माझे पाय सुटले. दोन स्टँड लावले, पदर फाडला, तिला ओढून काढलं. कोपर खरचटलं होतं. लिंबू तिच्या मुठीत होतं.

आप्पा आत तसेच बसून. दार उघडल्यावर म्हणाले, "कोण हाय खाली? आदी तिला बघा."

मी राजकुमारांना सगळ्यांसमोर सांगितलं. खालून बघितलं नव्हतं. खोटं बोललो होतो. गुटके काढायला नको होते, ते परत घालणार. उद्या गाडी मिळणार नाही. राजकुमार लाल झाले, काहीतरी बोलणार होते. आप्पांनी काठी आपटली. "दिवाळीला जाईन मी. न्हाई तर न्हाई. पर ह्यो खाली जाऊन बघंल, मगच मी ह्यात बसंन."

हे काल. आज दसरा. सकाळी घरून निघताना राजाबाईने माझ्या कपाळाला हात लावला, एवढंच. गॅरेजमध्ये येऊन हत्यारं उतरवली. चार स्टँड लावले. आण्णाप्पाला बोलावलं नाही. मी पोत्यावर झोपलो आणि खाली गेलो. छातीवर तेच बसलं, कानात तोच आवाज. डोळे मिटले. मग डोक्यापाशी काहीतरी घासत आलं. गुंडू बाजूने ठोकळा आत सरकवत होता, माझ्या छातीच्या रेषेत. मग टॉर्चचा उजेड आला.

"डोळं उघडा, दाजी. मी हाय."

उघडले. डावीकडची वरची जोडणी वाकडी बसली होती, आटे खाल्ले होते आणि नळी तोंडातून निसटली होती. मी न बघता लावली होती ती. दहा मिनिटांचं काम. सतरा दिवस मी आरशात बघत होतो.

बाहेर आल्यावर दोघं तिथेच जमिनीवर बसलो. मी विचारलं, "चार वर्सं माझ्यावर राग न्हवता व्हय रं तुझा?"

"व्हता की. लई व्हता." त्याने पायाचा पट्टा आवळला. "अजून हाय थोडा. पर तुमच्यावर गाडी पडावी, येवढा न्हवता कवाच."

"मग रोज ठोकळा..."

"तुमी कवातरी एकटंच खाली जाणार, ह्ये मला ठावं व्हतं. चोविसला गेलतासा न्हवं? मी दारात उभा व्हतो. आत आलो न्हाई. तुमाला लाज वाटली असती."

मी खिशातलं आपट्याचं पान काढून त्याच्या हातात ठेवलं. त्याने माझं घेतलं, त्याचं दिलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

डावीकडे ७०, उजवीकडे ७०. रात्रभर पौंडसुद्धा हललं नाही. रबरी गुटके परत बसवले. आता गाडी चार बोटं वर राहते, आप्पांना पाय ठेवायला लाकडी पाट करून घेणार.

सकाळी ठोकळा हातात घेऊन पहिल्यांदा नीट बघितला. एका अंगाला खोल खड्डा पडलाय, जुना आहे, परवाचा नाही. मधे मोठा काळा डाग. ऑइलचा असावा. गुंडूला विचारलं, कुठून आणलास. तो म्हणाला, "हितलाच हाय. त्या बसखालचा. चार वर्सं स्टुलाखाली ठेवलाय." धुऊन काढू का विचारलं, तर नको म्हणाला.

पुसला नाही. होता तिथे, चासीखाली ठेवला.